ठाणे खाडीची पातळी वाढतेय, मग इतक्या यंत्रणांचा एकच आराखडा कसा जमवायचा?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कळव्यापासून उरणपर्यंत खाडीचा काठ सलग आहे, पण त्याचे कारभारी मोजायला बसलं की दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल या तीन महापालिका, सिडको, एमआयडीसी, एमएमआरडीए, मेरीटाइम बोर्ड, जेएनपीए (न्हावाशेवा बंदर), रेल्वे, सार्वजनिक बांधकाम, वनखात्याचा कांदळवन कक्ष, खारबांध सांभाळणारं खारभूमी खातं. समोरच्या काठावर मुंबई महापालिका. त्यात ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि पनवेल, उलवे, उरण रायगडमध्ये, म्हणजे जिल्हाधिकारीही दोन.

आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार जगाची सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ मध्ये २० सेंमी वाढली, आणि २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिमी होता. १९९५–२०१४ च्या पातळीशी तुलना करता २१०० पर्यंत, उत्सर्जन नीट आवरलं तर ३२ ते ६२ सेंमी, आणि मोकाट सुटलं तर ६३ ते १०१ सेंमी वाढ धरली आहे.

प्रत्येक यंत्रणा आपापला नाला, आपापली भिंत, आपापला रस्ता बघते. या सगळ्यांनी मिळून काही करायचं झालं तर पहिलं पाऊल कोणतं असावं? समिती, कायदा, पैसा की आणखी काही? कामाची माहिती असणाऱ्यांनी सविस्तर लिहावं.

---

वाशीकर७१

पहिलं पाऊल पावसाळ्याआधी नाल्या-तलावांची खाडीकडची दारं साफ करणं. बाकीचं नंतर.

---

पातळीमापक

माझ्या मते त्याच्याही आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे शून्य कुठे धरायचं हे ठरवणं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण संयुक्त बैठका नेमक्या इथेच फसतात.

भरतीच्या तक्त्यात "४.६ मीटर" लिहिलेलं असतं ते चार्ट डेटमपासून मोजलेलं, म्हणजे ओहोटीच्या खालच्या पातळीजवळचं नाविकांचं शून्य. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशातली उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची. मुंबई महापालिकेच्या जुन्या नकाशांवर टाऊन हॉल डेटम, म्हणजे तिसरंच शून्य. अपोलो बंदरला सरासरी समुद्रसपाटी चार्ट डेटमच्या वर २.५१ मीटर आहे. तिथली उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची मोठी) सरासरी भरती ४.४२ आणि भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) ३.३० मीटर. म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशोबात उधाण फक्त १.९१ मीटर वर चढतं.

आता एका खात्याने नाल्याच्या तोंडाची पातळी "२.० मीटर" म्हणून पाठवली आणि कुठल्या शून्यापासून ते लिहिलंच नाही, तर समुद्रसपाटीपासून धरल्यास तो नाला उधाणातही जेमतेम उघडा, आणि चार्ट डेटमपासून धरल्यास अर्ध्याहून जास्त वेळ पाण्याखाली. फरक अडीच मीटरचा, आणि आपण भांडतोय तीस सेंमीसाठी.

उपग्रहावर चालणारं जीपीएस यंत्र घेऊन मोजणाऱ्यांची आणखी एक चूक होते. ते यंत्र लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासूनची उंची देतं. आपल्या भागात ती आणि समुद्रसपाटीची उंची यांत साठ मीटरहून जास्त फरक आहे. हा फरक काढणारी जिऑइडची दुरुस्ती लावली तरी काही सेंमी इकडेतिकडे होतात. म्हणून पाण्याच्या दारांसाठी साधं लेव्हलिंगच करावं. जीटीएस बेंचमार्कपासून, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या उंची ठरलेल्या खुणेपासून निघायचं, दारापर्यंत जायचं आणि परत त्याच बेंचमार्कवर यायचं. फेरी ४ किमीची असेल तर चूक २४ मिमीच्या आत हवी. नसेल तर फेरी पुन्हा.

---

संध्या_ऐरोली

@पातळीमापक, म्हणजे बातम्यांत "आज ४.५ मीटरची भरती" येतं तेव्हा साडेचार मीटर उंच लाट येणार नसते ना? सोसायटीच्या ग्रुपवर दर जुलैत हाच गोंधळ असतो.

---

पातळीमापक

नाही ताई. समुद्रसपाटीच्या साधारण दोन मीटर वर पाणी चढणार, एवढाच त्याचा अर्थ. लाटेची उंची वेगळी, तिचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही समुद्रमाहिती संस्था देते. आणि तो आकडा अपोलो बंदरचा असतो. खाडी वर निमुळती होत जाते, त्यामुळे वाशीला आणि कळव्याला पाण्याची वेळही वेगळी आणि पातळीही वेगळी.

---

तिथी_पाऊणपट

वेळेवरून थोडं अवांतर. कोळीवाड्यात घड्याळाआधी तिथी बघतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. उधाणाची भरती कायम भर दुपारी आणि मध्यरात्री का येते, ते यावरून लगेच कळतं. २६ जुलै २००५ ला दुपारी ४.४८ मीटरची भरती होती, आणि त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला.

दिवाळे, सारसोळे, वाशीगाव इथल्या जेट्यांवर उधाणाची रेघ कुठवर जाते ते मासेमारांना पायरीनिशी ठाऊक असतं. आराखडा करणाऱ्यांनी ती पायरी मोजून घ्यावी. फुकटातली नोंद आहे.

---

गाळउपसा

धारण तलावांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण नवी मुंबईचं सगळं इथेच अडलंय.

सिडकोने हे शहर वसवताना बराचसा भराव उधाणाच्या भरतीपेक्षा खालीच ठेवला आणि डच पद्धतीने होल्डिंग पाँड केले. पावसाचं पाणी नाल्यातून तलावात येतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये एकेरी दारं, म्हणजे फ्लॅप गेट. वर बिजागरी आणि खाली मोकळी झडप. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा चढलं की झडप आपोआप उघडते, भरती चढली की बाहेरच्या दाबाने मिटते. वीज नको, माणूस नको. फार हुशारीची रचना आहे ही.

आता समुद्र ३० सेंमी वाढला तर काय होईल, तो हिशोब बघा. तलावात पाणी समुद्रसपाटीच्या वर १ मीटरपर्यंत चढू द्यायचं असं धरू. उधाणाची भरती १.९१ मीटर, एक फेरी १२ तास २५ मिनिटांची. बाहेरचं पाणी १ मीटरच्या वर राहण्याचा काळ येतो सुमारे ४ तास. तेवढा वेळ तलाव काठोकाठ भरला तरी थेंबभर बाहेर जात नाही. समुद्र ३० सेंमी वर आला की हाच काळ ४ तास ४३ मिनिटं होतो. वाढले ४२ मिनिटं.

१०० हेक्टरचं पाणलोट, ताशी ५० मिमी पाऊस आणि त्यातला नव्वद टक्के वाहून येतो असं धरलं, तर तासाला ४५,००० घनमीटर. ४२ मिनिटांचे ३१,५०० घनमीटर. ते साठवायला १ मीटर खोलीचा ३.१५ हेक्टर तलाव जादा लागेल. ती जागा आणायची कुठून?

आणि माझं खरं म्हणणं पुढे आहे. १० हेक्टरच्या तलावात ३० सेंमी गाळ बसला की ३०,००० घनमीटर साठा आजच गेला. ३० सेंमी वाढून समुद्र जे हिरावून घेणार, ते गाळाने आत्ताच घेतलेलं आहे.

---

पातळीमापक

@गाळउपसा, उत्तम मांडलंत. एक दुरुस्ती. दाराच्या उंबऱ्याच्या खाली बसलेला गाळ हिशोबात धरू नये, कारण तिथलं पाणी तसंही बाहेर जात नाही. साठा कमी होतो तो उंबरा आणि वरची ठरवलेली पातळी यांच्यामधल्या गाळाने. म्हणून "इतके हजार ब्रास गाळ काढला" या आकड्याने काहीच कळत नाही. तळातला काढला की वरचा, ते कळायला हवं. गाळ काढण्याआधी आणि नंतर १० मीटरच्या चौकटीत तळाची मोजणी केली तरच उत्तर मिळतं.

आणि तुमच्याच हिशोबातली आणखी एक गोष्ट. आज भांगाची भरती समुद्रसपाटीच्या वर ०.७९ मीटर येते, म्हणजे १ मीटरच्या खालीच. काठोकाठ भरलेल्या तलावातून भांगात कधीही पाणी बाहेर सोडता येतं. ३० सेंमी वाढीनंतर तीच भरती १.०९ वर जाईल. आज महिन्यातले काही दिवस आपल्याला सुटीचे मिळतात. ते संपतील.

---

नेरूळ_स्नेहल

भांगाचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. आपण सगळे उधाणाच्या तारखाच बघत बसतो.

---

वाशीकर७१

म्हणून म्हटलं दारं साफ करा. झडप आणि चौकट यांच्यात एक नारळ अडकला तरी भरती आत येते. पुलांवरून खाडीत टाकलेलं निर्माल्य, थर्माकोल, चपला, बांबू, सगळं दारात येऊन अडकतं. चौकटीवर कालवं बसतात, त्यांची धार एवढी असते की रबराची पट्टी कापली जाते. बिजागरीची पिन खाऱ्या हवेत धरते. बाहेरच्या बाजूला गाळ चढला की झडप खालून रुतते आणि आत दीड मीटर पाणी असूनही उघडत नाही. यातल्या कशालाही कोटीचा खर्च नाही. खरवडायचं, पिनेला ग्रीस, पट्टी बदलायची, बाहेरचा चर मोकळा करायचा. ओहोटीत दोन अडीच तास मिळतात, तेवढ्यात एक दार होतं.

चाचणी अगदी सोपी. उधाणाच्या दिवशी पाऊस नसताना भरतीच्या वेळी तलावाच्या बाजूने उभं राहायचं. दारातून पाण्याची धार आत येताना दिसली की दार गळतंय.

---

कांदळ

@गाळउपसा, गाळ काढा म्हणणं सोपं आहे. त्या गाळावर आज तिवरं (कांदळवन) वाढलीत. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशापासून आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर तर नक्कीच, तिवरांना हात लावायचा तर सार्वजनिक हिताचं काम दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही जपायचा असतो. आणि ते योग्यच आहे. भरतीचा जोर मोडणारी, काठ धरून ठेवणारी तिवरंच आहेत.

---

गाळउपसा

खाडीच्या बाजूच्या तिवरांना कुणीच हात लावू नये, याबद्दल माझं दुमत नाही. पण धारण तलाव ही खाडी नाही, शहराची पाणी साठवायची टाकी आहे. दार गळायला लागलं म्हणून खारं पाणी आत आलं, पाण्याबरोबर बी आलं आणि तिवर उगवलं. देखभाल चुकल्याची ती खूण आहे.

---

कांदळ

तुमचं तांत्रिक म्हणणं पटतं, पण "ही टाकी आहे" एवढ्याने अर्ज मंजूर होणार नाही. नीट चालणारा रस्ता असा: आधी तलावाच्या तळाची मोजणी आणि झाडांचा नकाशा, कुठल्या जातीची किती आणि उंबऱ्याच्या वर की खाली हे सगळं त्यात. मग पर्याय तपासायचे. सगळा तलाव न खरवडता नाल्याच्या तोंडापासून दारापर्यंत एक चर मोकळा केला तर किती साठा आणि किती वहन परत मिळतं, ते आकड्यात दाखवायचं. कांदळवन कक्षाबरोबर संयुक्त पाहणी, सागरी किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस आणि मग न्यायालयात अर्ज, बदली लागवडीच्या जागेसकट. पालिकेचा अर्ज एक बोलतो, वनखात्याचं उत्तर दुसरं आणि सिडकोच्या मालकीचा कागद तिसरं, म्हणून फाइल वर्षानुवर्षं फिरत राहते. तिघांनी एकाच नकाशावर सह्या करून गेलं तर न्यायालयासमोर वादच उरत नाही.

धागाकर्त्यांनी सहकार्य म्हणजे काय विचारलंय ना, ते हे.

---

दिव्याहून

तलावांची चर्चा नवी मुंबईची झाली. ठाण्याच्या बाजूला कळवा, मुंब्रा, दिवा इथे धारण तलाव नाहीत, नाले थेट खाडीत जातात. इकडे पंप बसवण्याशिवाय काय मार्ग? मुंबईने हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध इथे बसवलेच ना?

---

गाळउपसा

पंप चालतात, पण किंमत समजून घ्या. वरच्याच १०० हेक्टरचं पाणी साठवण न करता तसंच फेकायचं तर सेकंदाला १२.५ घनमीटर उपसा लागतो. तीन मीटर उचल आणि सत्तर टक्के कार्यक्षमता धरली तरी सव्वापाचशे किलोवॅटची मोटार सतत चालायला हवी. जोराच्या पावसात वीज जाते, म्हणून तेवढाच जनरेटर. तोंडाशी कचऱ्याची जाळी, आणि ती सतत साफ करणारं यंत्र, नाहीतर पंधराव्या मिनिटाला पंप कोरडा ओढायला लागतो. पंपघराचा जोता आणि वीजपेटी पुराच्या पातळीच्या वर हवी.

थोडी जरी साठवण जोडली तरी पंप निम्म्यावर येतो. म्हणून दिव्यासारख्या भागात जी मोकळी खाजण जमीन उरलीय, तिच्यावर भराव पडू न देणं हाच सर्वांत स्वस्त पंप.

---

दिव्याहून

शेवटचं वाक्य लिहून ठेवतो.

---

संध्या_ऐरोली

काठाने सरळ भिंतच बांधली तर?

---

उघाडी_उरण

ताई, भिंतीचं पाणी शेजाऱ्याकडे जातं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर २०२१ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसलं. एका तुकड्याला भिंत घातली की भरतीला पसरायची जागा कमी होते आणि उपसागराच्या दुसऱ्या काठावर पाणी चढतं. ठाणे खाडी तर त्याहून कितीतरी अरुंद. ऐरोलीला भिंत घातली तर भांडुप-मुलुंडचं काय आणि कळव्याचं काय, हे एकाच गणितात बघावं लागेल. शिवाय भिंतीच्या आतल्या पावसाला बाहेर काढायला पुन्हा दार आणि पंप लागणारच. आणि बाहेरची तिवरं, समुद्र वाढला की त्यांना जमिनीकडे सरकायचं असतं, ती भिंतीवर अडून बुडतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य (२०१५) आणि रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा (२०२२), या दोन्हींचा प्रश्न त्यात येतो.

आमच्याकडच्या खारभूमीतला जुना अनुभव इथे कामी येईल. खारबांध फुटतो तो लाटेच्या धडकेने क्वचित. खेकड्यांच्या बिळातून पाणी झिरपायला लागतं, बीळ रुंदावतं आणि उधाणात तिथेच खांड पडते. खांड बुजवायची ती भांगात, पुढच्या उधाणाआधी हातात जेमतेम आठवडा असतो. तो आठवडा पत्रव्यवहारात गेला की खांड चौपट होते आणि आतली भातखाचरं खारी होतात. पूर्वी आगरी-कोळी गावांत घरटी माणूस बांधावर यायचा तो याच हिशोबाने. आजच्या आराखड्यातही "कळवल्यापासून किती दिवसांत बुजवणार" हा आकडा हवा. आणि तो भरतीच्या कॅलेंडरला बांधलेला हवा. आर्थिक वर्ष त्यात कामाचं नाही.

---

नेरूळ_स्नेहल

नाले झाले, पण जमिनीखालचं? भरतीला खारं पाणी सांडपाण्याच्या गटारात शिरतं, झाकणं फुटकी असली की हमखास. ते मलनिस्सारण केंद्रात पोचलं की जिवाणूंना क्षाराचा झटका बसतो आणि उपसा केंद्रांचे पंप उगाच जादा चालतात. तपासायला महागडं काही लागत नाही. प्रत्येक उपसा केंद्राच्या विहिरीतल्या पाण्याची वाहकता (खारेपणाबरोबर ती वाढते) भरतीला आणि ओहोटीला मोजायची. फरक मोठा आला तर त्या ओळीवर कुठेतरी खाडी आत येतेय.

रस्त्यावरच्या वीजपेट्यांचंही तसंच. महावितरण जोता रस्त्यापासून मोजतं, रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो आणि पेटी खड्ड्यात जाते. जोता समुद्रसपाटीपासून मोजून लिहिला तर हे लगेच दिसेल.

---

पातळीमापक

+१. आणि भराव खचतो, हेही त्यात धरा. खाडीकाठची मऊ चिकणमाती वजनाखाली वर्षानुवर्षं दबत राहते. समुद्र वर येतो आणि जमीन खाली जाते, दाराला दोन्हींची बेरीज भोगावी लागते. म्हणून उंबऱ्याची पातळी एकदा मोजून भागत नाही, पाच वर्षांनी पुन्हा मोजायला हवी.

---

नियमावली

आता मूळ प्रश्नाकडे वळू, कारण यजमान कोण हे अजून कुणी सांगितलं नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांत नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण करता येतं, त्याचे अध्यक्ष आयुक्त. म्हणजे ठाणे, नवी मुंबई, पनवेल अशी तीन प्राधिकरणं होऊ शकतात. खाडीसाठी हे वरदान ठरेल की आणखी तीन तुकडे, ते पहिल्या वर्षातच ठरेल. तिघांनी "खाडीचं प्रकरण" एकच लिहून तीन आराखड्यांत जसंच्या तसं घातलं, तर नवीन संस्था काढायचीच गरज नाही.

बांधकाम परवानगीत मात्र फट आहे. युडीसीपीआर २०२० ही राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली ठाणे आणि नवी मुंबई पालिकेला लागू, एमआयडीसीची नियमावली वेगळी. जोत्याची किमान पातळी दोन्हीकडे एकाच शून्यापासून आणि एकाच समुद्रवाढीच्या आकड्यावर ठरायला हवी, नाहीतर टीटीसीतला (एमआयडीसीच्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातला) उंच भराव खालच्या गावात पाणी लोटणार. सीआरझेड २०१९ या किनारा नियमन अधिसूचनेत धोकारेषा आहे, पण ती आपत्ती नियोजनाचं साधन म्हणून, तिच्यामुळे बांधकाम आपोआप थांबत नाही. पालिकांनी ती स्वतःहून विकास आराखड्यात आणावी लागेल.

पैशासाठी राज्य आपत्ती निधीचा वीस टक्के भाग सौम्यीकरणाला, म्हणजे धोका आधीच कमी करण्याच्या कामांना राखलेला असतो. दारं, चर आणि मोजपट्ट्या यांचा प्रस्ताव त्यात बसवता येतो.

---

खाडीपलीकडे

@नियमावली, आभार. पण सगळ्यांनी एकच आकडा मान्य करावा हे प्रत्यक्षात कुठे घडलंय का?

---

उघाडी_उरण

घडलंय. अमेरिकेत दक्षिण-पूर्व फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड, मायामी-डेड, मन्रो आणि पाम बीच या चार काउंटींनी २०१० मध्ये करार केला आणि २०११ मध्ये समुद्रवाढीचा एकच संयुक्त अंदाज काढला. २०१५ आणि २०१९ मध्ये तो सुधारला. त्याआधी शेजारशेजारच्या दोन काउंटी केंद्राकडे वेगवेगळे आकडे घेऊन जायच्या. कॅलिफोर्नियाने दुसरी वाट धरली, २०२३ मध्ये कायदाच केला की किनाऱ्यावरच्या प्रत्येक स्थानिक संस्थेने २०३४ पर्यंत आराखडा करायचा. आपल्याकडे फ्लोरिडाची वाट जमण्यासारखी आहे, कारण तिला कायद्याची वाट बघावी लागत नाही.

आकडा ठरवताना कामाच्या आयुष्याप्रमाणे ठरवा. झडप वीस वर्षं टिकते, तिला कमी आकडा चालेल. पूल, मलनिस्सारण केंद्र, वीज उपकेंद्र यांना वरचा आकडा. सगळ्यांना एकच धरला तर एक तर पैसा वाया, नाहीतर पूल बुडतो.

---

तिथी_पाऊणपट

आणि स्वतःची मोजणी हवी. अपोलो बंदरची नोंद १८७८ पासूनची आहे, पण खाडीच्या वरच्या टोकाचं काय? मुंबईसाठी आयफ्लोज ही पूरसूचना यंत्रणा २०२० मध्ये सुरू झाली, तसा अंदाज खाडीच्या पूर्व काठासाठी हवा असेल तर पाण्याची पातळी आधी मोजावी लागेल. वाशी पूल, ऐरोली पूल आणि कळव्याचा पूल, तिन्हींखाली रडारचा पातळीमापक. नळीत तरंगणारा तरंगक नको, गाळ आणि कालवं बसून तो सहा महिन्यांत थिजतो. दर दहा मिनिटांनी नोंद आणि सगळ्यांना उघडी.

---

वाशीकर७१

तरी यंत्र बंद पडणारच. शेजारी मुलामा दिलेली सेंमीची पट्टी ठोका. पुलाखालच्या नाखव्यालाही वाचता आली पाहिजे.

---

खाडीपलीकडे

तर वाशीकर काका पहिल्या प्रतिसादात म्हणाले तेच खरं ठरलं, फक्त साफ करण्याआधी मोजणं आलं. मग सुरुवात दारांच्या संयुक्त नोंदवहीने करायची का? कळव्यापासून उरणपर्यंत प्रत्येक दार, नाल्याचं प्रत्येक तोंड, खारबांधातली प्रत्येक उघाडी (पाणी सोडायचं दार). रकाने काय असावेत?

---

पातळीमापक

दाराचा क्रमांक आणि अक्षांश-रेखांश. उंबऱ्याची पातळी, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, दोन दशांशांपर्यंत, आणि कुठल्या बेंचमार्कवरून आणली ते. झडपेचं माप आणि साहित्य, ओतीव लोखंड की एफआरपी (काचतंतूचं प्लास्टिक). मागचं पाणलोट हेक्टरमध्ये. जमीन कुणाची, दार कुणाचं, साफ कोण करतं, हे तीन वेगळे रकाने ठेवा, कारण उत्तरं बहुतेकदा तीन वेगळी येतात.

---

कांदळ

दाराच्या दोन्ही बाजूंना ५० मीटरच्या आत तिवर आहे का, फोटोसकट. म्हणजे परवानगी कुठे लागेल ते जानेवारीतच कळेल.

---

नेरूळ_स्नेहल

रात्री कुणाला फोन करायचा. पदनाम आणि कार्यालयाचा नंबर, व्यक्तीचा नको. बदली होते.

---

उघाडी_उरण

शेवटची पाहणी कोणत्या तिथीला आणि भरतीला की ओहोटीला. तारखेवरून कळत नाही. ओहोटीला पाहिलेलं दार कायम चांगलंच दिसतं.

---

वाशीकर७१

@उघाडी_उरण म्हणतात तो रकाना नक्की लिहा. गळती आहे की नाही ते भरतीलाच बघायचं, पिन आणि पट्टी ओहोटीला. एका दाराला दोन फेऱ्या. पुढच्या अमावास्येचं उधाण धरून वाशीच्या तलावापासून सुरू करता येईल.